तळं हिरवं पडलं तर: उपग्रहातून शेवाळावर नजर ठेवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यातली तळी आणि जलाशय मी उपग्रहाच्या चित्रांत बघत असतो, आणि सुट्टीच्या दिवशी काठावर जाऊन पडताळतो. गावोगावी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम माझा नाही, लोक ज्या घाईने विचारतात त्या घाईचा आहे.

आमच्या तळ्यावर पोपटी साय आली आहे. उपग्रहाचं नंतर बघू, आधी म्हशी पाण्यावर न्यायच्या की नाही ते सांगा.

नेऊ नका. पाण्यावर रंग सांडल्यासारखा पोपटी किंवा निळसर तवंग असेल, काठाला तो घट्ट जमला असेल आणि कुबट वास येत असेल, तर तपासणी होईपर्यंत जनावरं, कुत्री आणि मुलं त्या काठापासून लांब ठेवा. जनावर पाणी पितं ते काठावरून, आणि वाऱ्याने ढकललेली साय नेमकी काठालाच जमते. तळ्याच्या मध्यावर विष फारसं नसेल तरी काठच्या घोटात भरपूर असू शकतं.

असं पाणी प्यायलेलं जनावर सुस्त झालं, झोकांड्या खाऊ लागलं, लाळ गाळू लागलं किंवा त्याचे डोळे पिवळे दिसू लागले, तर गुरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि तळ्याचा रंग कसा होता ते न विसरता सांगा. अंगावर साय लागली असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, नाहीतर जनावर चाटून ती पोटात घेतं.

शेवाळ दरवर्षी येतं. आमच्या आजोबांपासून बघतोय. त्यात एवढं काय?

बहुतेक शेवाळ निरुपद्रवी असतं हे खरंच आहे. विहिरीच्या पायरीवरचं बुळबुळीत शेवाळ, ओढ्यातलं केसांच्या बटेसारखं लांब हिरवं शेवाळ, यांनी कुणाचं काही बिघडत नाही. काळजी आहे ती नील-हरित शेवाळाची. नावात शेवाळ असलं तरी ते जीवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. मायक्रोसिस्टिस, अ‍ॅनाबिना, ऑसिलेटोरिया ही त्यांतली नेहमी आढळणारी नावं. यांच्यातल्या काही जाती यकृतावर, काही मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं तयार करतात.

त्यांची आणखी एक करामत आहे. पेशींच्या आत हवेच्या बारीक नळ्या असतात, त्यामुळे ते वर-खाली होऊ शकतात. रात्री वारा पडला की वर येतात आणि सकाळी पाण्यावर थर दिसतो. दुपारी वारा सुटला की तोच थर पाण्यात मिसळतो किंवा एका काठाला जाऊन लागतो. सकाळी हिरवं दिसलेलं तळं संध्याकाळी साफ दिसलं म्हणून संकट टळलं असं समजू नका.

हे किती गंभीर होऊ शकतं याची जगात नोंद आहे. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसला वापरलेल्या पाण्यात हे विष आलं आणि अनेक रुग्ण दगावले. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला ईरी सरोवरातल्या शेवाळामुळे नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. चार लाखांच्या आसपास लोक, आणि शेजारी अख्खं गोड्या पाण्याचं सरोवर.

भाताच्या खाचरात नील-हरित शेवाळ खत म्हणून टाकतात. ते हेच का?

खानापूर भागातला हा हमखास प्रश्न, आणि रास्त आहे. कूळ तेच, पण खतासाठी निवडलेल्या जाती हवेतला नत्र धरून भाताला देतात. अझोलाच्या पानात राहणारं शेवाळही त्याच कुळातलं. त्यामुळे सगळं नील-हरित शेवाळ वाईट असं म्हणणं चूक ठरेल. तळ्यात प्रमाणाबाहेर माजतं तेव्हा त्याला भ्यायचं.

घरच्या घरी ओळखता येईल?

अंदाज येईल, खात्री नाही. लांब काठी पाण्यात बुडवून वर काढा. काठीला केसांसारखे धागे लटकले तर ते बहुतेक साधं हिरवं शेवाळ. काठी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी निघाली तर संशय धरा. दुसरी रीत: हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरून घ्या आणि रात्रभर न हलवता फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी हिरवं कडं वर तरंगत असेल तर नील-हरित असण्याची शक्यता मोठी, सगळं तळाशी बसलं असेल तर कमी. त्या बरणीत नंतर लोणचं घालू नका.

पाणी उकळून चालेल ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात घातक आहे, म्हणून ठासून सांगतो. उकळल्याने जंतू मरतात, पण मायक्रोसिस्टिनसारखं विष उष्णतेने जात नाही. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटलं की ते दाट होतं. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या विषाची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. एवढं सूक्ष्म प्रमाण ना रंगात दिसतं ना चवीत कळतं.

मग मोरचूद टाकून शेवाळ मारून टाकावं का?

पिण्याच्या किंवा जनावरांच्या तळ्यात आपल्या मनाने टाकू नका. मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरं, पण मरताना पेशी फुटतात आणि सगळं विष एकदम पाण्यात येतं. पाणी नितळ दिसतं, म्हणून लोक निर्धास्त पितात. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि पहाटे मासे पोट वर करून तरंगतात. मोरचुदातलं तांबं गाळात साठून राहतं ते वेगळंच.

आता मुद्द्यावर या. इतक्या वरून उपग्रहाला शेवाळ दिसतं कसं?

आंब्याचं पान हिरवं का दिसतं, तेच इथेही लागू होतं. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, साधारण ६६५ नॅनोमीटरच्या आसपास (प्रकाशाचा रंग लहरीच्या लांबीवरून या मापात मोजतात). त्याच्या जरा पुढे, ७०५ नॅनोमीटरला, शोषण संपलेलं असतं आणि शेवाळाच्या पेशी प्रकाश परतवतात. त्याच्याही पुढे गेलं की पाणी स्वतःच प्रकाश गिळायला लागतं. त्यामुळे शेवाळ भरलेल्या पाण्याच्या आलेखात ७०५ पाशी एक टेकाड उभं राहतं. स्वच्छ पाण्यात ते टेकाड नसतं.

सेंटिनेल-२ हे युरोपचे उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून हे दोन्ही रंग वेगवेगळे मोजतात. ७०५ मधून ६६५ वजा करायचं, आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचं. येणाऱ्या आकड्याला एनडीसीआय, म्हणजे हरितद्रव्याचा निर्देशांक, म्हणतात. २०१२ साली तो मांडला गेला. आकडा शून्याखाली असेल तर साधारण ठीक, शून्य ओलांडून वर चढायला लागला की लक्ष द्यायचं. पण एका दिवसाच्या आकड्यावर मी कधीच बोलत नाही. त्याच तळ्याचा गेल्या महिन्याचा आणि गेल्या वर्षीच्या याच दिवसांतला आकडा शेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

कोणता उपग्रह वापरायचा?

तळं केवढं आहे त्यावर ठरतं, आणि ते आपल्या गुंठ्यात मोजलं की चटकन कळतं.

उपग्रहाचं चित्र लहान लहान चौकोनांचं (पिक्सेलचं) बनलेलं असतं. सेंटिनेल-२ चा सगळ्यात बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. पण ७०५ चा बँड, म्हणजे रंगाचा तो पट्टा, २० मीटरचा आहे, म्हणजे चार गुंठ्यांना मिळून एकच आकडा. काठावरच्या चौकोनात अर्धं पाणी आणि अर्धं गवत येतं, आणि गवतातही हरितद्रव्य असतंच. म्हणून काठाची एक ओळ चारी बाजूंनी सोडून द्यावी लागते. पाच एकरांचं चौकोनी तळं धरलं तर एका बाजूला सात चौकोन बसतात, कड सोडली की पाच. म्हणजे पंचवीस आकडे हाती राहतात. त्यावर बोलता येतं. एक एकराच्या तळ्यात एखादाच चौकोन उरतो. शेततळं, ज्याला इकडे कृषी होंडा म्हणतात, किंवा कपिलेश्वर तलावासारखी विसर्जनाची जागा, इथे हे काम करणार नाही. तिथे डोळे आणि बाटलीच बऱ्या.

सेंटिनेल-३ चा चौकोन ३०० मीटरचा, म्हणजे सुमारे २२ एकर. आपल्याकडे तो हिडकल आणि नविलुतीर्थचा मलप्रभा जलाशय यांच्यासारख्या मोठ्या पाण्यावरच चालतो. पण त्याच्याकडे ६२० नॅनोमीटरचा बँड आहे. नील-हरित शेवाळात फायकोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य असतं आणि ते याच ठिकाणी प्रकाश शोषतं. म्हणजे शेवाळ साधं की नील-हरित, याचा इशारा सेंटिनेल-३ देऊ शकतो. सेंटिनेल-२ ला तो बँडच नाही; त्याला फक्त ‘हरितद्रव्य वाढलं’ एवढंच सांगता येतं. गावच्या तळ्यावर काम करणाऱ्याने ही मर्यादा पक्की लक्षात ठेवावी.

अमेरिकेच्या लँडसॅट-८ आणि ९ चा चौकोन ३० मीटरचा, नऊ गुंठे. दोघे मिळून दर आठ दिवसांनी येतात. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅटवरचा लिस-४ कॅमेरा ५.८ मीटरपर्यंत बारीक बघतो, एका चौकोनात गुंठ्याचा तिसरा हिस्सा. पण त्यात हिरवा, लाल आणि अवरक्त असे तीनच बँड आहेत, ७०५ नाही. तळ्याची कड आखायला आणि केंदाळाचा (जलपर्णीचा) पसारा मोजायला मात्र तो उत्तम.

हे स्वतः करायचं तर पैसे पडतात का? कॉम्प्युटर शिकलेला माणूस लागतो का?

पैसे पडत नाहीत. युरोपच्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट खातं उघडता येतं. गावाचं नाव टाकून तळं शोधायचं, सेंटिनेल-२ निवडायचं, ढग कमी असलेली तारीख घ्यायची आणि आधी साधं रंगीत चित्र नीट बघायचं. ही पायरी कुणी गाळू नये. मग निर्देशांकाच्या खान्यात बी-५ (७०५) आणि बी-४ (६६५) हे बँड भरले की एनडीसीआयचा आकडा तळ्यावर रंगात उमटतो. दहावी-बारावीची पोरं एका संध्याकाळी शिकतात, मी शिकवलं आहे.

पुढे जायचं असेल तर हवेतल्या धुळीचा आणि धुक्याचा परिणाम काढून टाकणं महत्त्वाचं. तयार मिळणारी दुरुस्ती मुख्यतः जमिनीसाठी बनवलेली आहे, आणि पाणी जमिनीपेक्षा फार काळं असतं. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या उजेडात पाण्याचा स्वतःचा वाटा अगदी थोडा, बाकीचा हवेचा. पाण्यासाठी अकोलाइटसारखी वेगळी मोफत प्रणाली आहे. तुलना करायची तर सगळ्या तारखा एकाच दुरुस्तीच्या हव्यात. निम्म्या एका पद्धतीच्या आणि निम्म्या दुसऱ्या, असं झालं की तळं आपोआप बिघडलेलं किंवा सुधारलेलं दिसतं.

पावसाळ्यात काय करता?

जून ते सप्टेंबर खानापूर-चंदगडकडे आभाळ उघडतच नाही, आणि ढगाआडचं या उपग्रहांना दिसत नाही. रडारचा सेंटिनेल-१ ढगातून आरपार बघतो, पण त्याला रंग कळत नाही, फक्त पाण्याचा पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत ते कळतं. पाणी किती पसरलंय यासाठी तो चांगला, शेवाळासाठी नाही.

दिलासा असा की आपल्या भागात धोक्याचे दिवस आणि निरभ्र दिवस बरेचसे एकच आहेत. फेब्रुवारीपासून पाणी खाली जातं, ऊन तापतं, वारा पडतो आणि उरलेल्या पाण्यात खताचा अंश दाट होतो. नेमक्या याच काळात सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, मोकळ्या आभाळातून तळं बघून जातात.

पहिल्या वळवानंतरची चित्रं मात्र जपून वाचा. तांबडी माती वाहून आली की पाणी चहासारखं होतं, आणि गढूळपणा आकड्यालाही वर ढकलू शकतो.

केंदाळ आणि शेवाळ यांतला फरक वरून कळतो का?

कळतो, पण फसायलाही होतं. मी फसलो आहे. एका गावच्या तळ्याचा आकडा भसकन वर गेलेला बघून मी तिथल्या लोकांना जनावरं सोडू नका म्हणून फोन केला. त्यांनी चार दिवस लांबून पाणी आणलं. मी गेलो तेव्हा तळ्यावर बारीक टिकलीएवढी पानं दाटीने पसरली होती, तरंगणारी साधी वनस्पती. माणसांना झालेला तो त्रास माझ्या न जाण्याने झाला. तेव्हापासून काठावरच्या एखाद्या माणसाने काढलेला तळ्याचा फोटो आल्याशिवाय मी कुणाला सावध करत नाही, आणि फोटो यायला वेळ लागणार असेल तर ‘संशय आहे, बघून घ्या’ एवढंच म्हणतो.

ओळखायच्या खुणा अशा: केंदाळ, कमळ यांची पानं अवरक्त प्रकाशात झगझगीत चमकतात, त्यांच्या कडा ठसठशीत असतात आणि पसारा आठवड्यांनी बदलतो. शेवाळाच्या कडा धुरासारख्या विरलेल्या, वाऱ्याच्या दिशेने ओढलेल्या असतात आणि पुढच्या पाच दिवसांत चित्र पार वेगळं निघू शकतं. अडचण येते ती शेवाळाची साय फारच दाट झाली की, कारण तेव्हा तीही पानासारखीच चमकते.

उपग्रह विष दाखवतो का?

नाही. विषाला रंग नसतो. एकाच जातीचं शेवाळ एका तळ्यात विषारी तर दुसऱ्यात बिनविषारी असू शकतं, आणि ते बघून सांगता येत नाही. उपग्रहाचा उपयोग एवढाच की पन्नास तळ्यांपैकी बाटली घेऊन आज कोणत्या तिघांकडे धावायचं ते तो सांगतो. मला स्वतःला हा उपयोग फार मोठा वाटतो, कारण पन्नास ठिकाणी दर आठवड्याला जाणारी माणसं कुठल्याच खात्याकडे नसतात.

हे माजतं कशाने? आमचं काय चुकतं?

स्फुरद आणि नत्र. उसाला दिलेला डीएपी आणि युरिया पाटाच्या पाण्याबरोबर वाहून येतो, गावचं सांडपाणी गटारातून तळ्यात सुटतं, गोठ्याचं शेण धुतलं जातं. गाळात एकदा साठलेला स्फुरद पुढची अनेक वर्षं उन्हाळ्यात पाण्यात परत उतरत राहतो, म्हणून सांडपाणी बंद केल्यावरही पहिल्याच वर्षी तळं सुधारत नाही. निराश होऊन प्रयत्न सोडणारी गावं बहुधा याच टप्प्यावर सोडतात.

बेळगाव शहराच्या पाण्याचं काय?

शहर पाणी पितं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपचं आणि घटप्रभेवरच्या हिडकलचं. दोन्ही जलाशय सेंटिनेल-२ मध्ये व्यवस्थित दिसतात. त्यांवर नियमित नजर ठेवायला हवी, ती काही घडलंय म्हणून नव्हे, तर काही घडण्याआधीचा नेहमीचा आकडा हाताशी असावा म्हणून. तब्येत ठणठणीत असताना रक्तदाब मोजून ठेवतो, तसं.

पाणी महाराष्ट्रातून येतं, तळं कर्नाटकात. दाद कुणाकडे मागायची?

घटप्रभा चंदगडकडून येते, हिरण्यकेशी आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला. काठावरच्या नोंदी दोन राज्यांत दोन ठिकाणी राहतात. उपग्रहाच्या एका चित्रात मात्र सगळं खोरं येतं, आणि वरच्या अंगाचं पाणी आधी हिरवं झालं की खालचं, हे तारखेनिशी दाखवता येतं. भांडणाऐवजी ते चित्र समोर ठेवून दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींनी बोलावं असं मला मनापासून वाटतं. अर्ज मात्र ज्या राज्यात तळं, त्याच राज्यात द्यावा लागतो.

जुनं काही बघता येतं?

सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासून आहेत. त्याआधीचं लँडसॅटमध्ये १९८० च्या दशकापर्यंत मागे जाता येतं, पण तिथे ७०५ बँड नसल्याने ढोबळ हिरवेपणाच कळतो. तळ्याची कड किती आत सरकली, अतिक्रमण कुठे झालं, हे मात्र लख्ख दिसतं.

ड्रोन?

लहान तळ्यासाठी चांगला. परवानगीचे नियम आधी बघा.

काठावरच्या माणसाने नेमकं काय करायचं?

उपग्रह जाणार त्याच दिवशी, शक्यतो अकराच्या आसपास, एकाच ठरलेल्या जागेवरून फोटो काढायचा. तारीख, वेळ, वारा कुठून, वास आहे की नाही हे वहीत लिहायचं. वीस सेंटिमीटरची गोल पाटी काळ्या-पांढऱ्या रंगाने रंगवून खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. ही सेकीची तबकडी, १८६५ पासून वापरात आहे. अशा नोंदी नसतील तर उपग्रहाचा आकडा कशाला लावायचा हेच कळत नाही.

नमुना घ्यायचा असेल तर लिटरभर पाणी गडद बाटलीत, बर्फात ठेवून, एका दिवसात प्रयोगशाळेत पोचवायचं. नेहमीच्या पाणी तपासणीत शेवाळाचं विष बघत नाहीत, त्यामुळे ‘मायक्रोसिस्टिन’ असं नाव घेऊन मागा, आणि तिथे होत नसेल तर कुठे होतं ते विचारून घ्या.

पंचायतीत अर्ज कन्नडमध्ये मागतात. शेवाळाला काय लिहायचं?

शेवाळ म्हणजे पाची, नील-हरित शेवाळ म्हणजे नीली-हसिरु पाची, तळं म्हणजे केरे. ‘केरेय नीरिनल्लि पाची’ असा विषय लिहिला की कारकुनाला कळतं. विष दोन्ही भाषांत विषच. सोबत तळ्याचा सर्व्हे नंबर, काठावरचा फोटो आणि उपग्रहाची दोन चित्रं जोडा, एक चांगल्या दिवसाचं आणि एक हिरव्या दिवसाचं, दोन्हींवर तारीख ठळक घालून. आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.